पात्यांची घडी

खांबेटे साहेबांनी फाइलमधून डोकं वर काढलं आणि विचारलं, "टेस्ट किती वेळा घेतलीत?"

"एकदाही नाही, साहेब," दिनानाथ म्हणाले, आणि तेही छाती पुढे काढून. "घडी तुमच्यासाठी राखून ठेवलीय."

शेडमध्ये मधोमध फियाटचा जुना सांगाडा उभा होता. त्याच्या टपावर तीन लांबलचक पाती मागे दुमडून, एकावर एक निजवून ठेवली होती, वर हळदीकुंकूसुद्धा वाहिलेलं. पाती मिटलेली असली की बदलापूरच्या रस्त्याने चालणारी साधी मोटार, उघडली की हेलिकॉप्टर, अशी ही उडती मोटार. आता उडायला अजून बराच अवकाश होता म्हणा. आज नुसती पाती उघडायची होती. ती उघडून जागच्या जागी लॉक झाली, तर पुण्याच्या कचेरीतले खांबेटे साहेब इंजिनाला मंजुरी देणार. नाही झाली, तर सांगाडा भंगारात आणि दिनानाथ परत एक्झॉस्ट फॅनच्या ड्रॉइंगवर.

दिनानाथांनी आठ महिने डोळे फोडून ही पाती काढली होती. बिजागरी त्यांची, स्प्रिंगा त्यांच्या, पाती उघडायचा दांडाही त्यांचाच. पण दोन महिन्यांपूर्वी पाती बसली, त्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, की साहेब येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. घरी त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई नवी साडी कधी स्वतः आधी नेसत नसत, घडी मोडायला मानाच्या बाईला देत. मग आठ महिन्यांच्या कामाला तेवढाही मान नको?

"अहो, ही काय साडी आहे?" खांबेटे म्हणाले. "म्हणजे उघडतील की नाही, हे तुम्हालाही ठाऊक नाही?"

"कागदावर उघडलीत, साहेब." दिनानाथांनी चष्मा सावरला.

खांबेट्यांनी फाइल मिटली आणि चार पावलं मागे सरून ते दाराशी जाऊन उभे राहिले. "मग मोडा घडी तुम्हीच. मी इथूनच बघतो."

दिनानाथ ड्रायव्हरच्या दाराशी गेले. अंबरनाथाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि दांडा ओढला.

"वाका!" फिटर कोंडाजी ओरडला आणि त्याने दिनानाथांना कॉलर धरून खाली खेचलं. केसांवरून काहीतरी सूं करत गेलं. खट, खट, खट.

दिनानाथांनी डोळे उघडले. तिन्ही पाती पसरून ताठ लॉक झाली होती, जराही न झुकता. त्यांना भरूनच आलं. कुणाला तरी मिठी मारावी म्हणून ते वळले, तर अख्खी शेड वाकलेली! कोंडाजी, लेथवरचा भीमराव, झाडू हातात घेतलेली अंजनी, सगळ्यांचे हात गुडघ्यावर आणि माना खाली. ताठ उभे होते ते एकटे खांबेटे साहेब, तेही दाराशी.

"पातं कुठून जातं, हे या लोकांना कसं ठाऊक?" खांबेट्यांनी विचारलं.

कोंडाजीने कान खाजवला. "जेवणाच्या सुट्टीत, साहेब. रोज चार-चारदा. आमचे साहेब केबिनमधे जरा पडतात ना, तवा."

"एकूण किती वेळा?"

"दोनशे चौदा," अंजनी म्हणाली. तिने हत्यारांच्या कपाटाचं दार उघडलं. आतून खडूच्या रेघाच रेघा होत्या. "सहाव्या येळी पिन तुटली, भीमरावनं जाडी बनवली. चाळिसाव्याला स्प्रिंग ढिली पडली. आन् दांडा चुकीच्या जागी हाय, ते तर पहिल्याच दिवशी कळलं. भीमरावच्या कपाळाला विचारा."

भीमरावने निमूटपणे कपाळावरची खूण दाखवली.

"थांबा, थांबा. सावकाश सांगा," खांबेटे म्हणाले. त्यांनी स्टूल ओढलं, फाइल पुन्हा उघडली आणि दारावरची एकेक रेघ कागदावर उतरवायला घेतली.

दिनानाथांचं मात्र डोकं तापलं. "माझ्या पाठीमागे घडी मोडलीत? आठ महिन्यांचं काम मी जिवापाड जपतोय आणि तुम्ही खुशाल..."

"मोडली कुठं, साहेब?" कोंडाजी म्हणाला. "रोज परत तश्शीच घालून ठेवली. तुम्हाला तरी कळली का?"

नव्हती कळली. आणि ती सहाव्या वेळची पिन आज, पुण्याच्या साहेबांसमोर तुटली असती तर? दिनानाथांनी कपाटाच्या दारावरच्या रेघांकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं. एकदा फुटलं ते आवरेना, चष्मा काढून पुसावा लागला.

मंजुरीच्या कागदावर सही करून खांबेटे निघून गेले, आणि जेवणाची घंटा झाली. दिनानाथ सवयीने केबिनकडे वळले. आतून डबा उचलला आणि परत बाहेर आले. सगळे मोटारीच्या सावलीत गोल करून बसले होते. कोंडाजीने सरकून जागा केली.

"मग दांडा बसवायचा कुठे?" दिनानाथांनी उभ्याउभ्याच विचारलं.

"सांगते की," अंजनी भाकरी मोडत म्हणाली. "आधी खाली बसा, साहेब. उभा ऱ्हायलेला माणूस फुकट मरतो हितं."