रांगेतला पहिला कागद

मानसिंगने कोयत्याची मूठ की-बोर्डवर हाणली तशी बटणं लाह्यांसारखी उडाली.

"छाप," तो दुकानदार शाहिदला म्हणाला.

शाहिदचा ओठ आधीच थपडीने फुटला होता. त्या थपडीचा आवाज अंथुर्ण्यातून सणसरच्या फाट्यापर्यंत गेला म्हणतात. सणसर तसं काही जवळ नाही.

"दादा, मी छापतुयाच. त्यो छापंना," शाहिद म्हणाला. "त्याला मारा की."

मानसिंगने प्रिंटरलाही लाथ घातली.

सरपंचपदाचा फॉर्म तीनच्या आत इंदापुरात द्यायचा होता. ऑनलाइन भरून झाला होता, छापील प्रत तेवढी हवी होती. समोर कुणी उभं राहू नये म्हणून मानसिंगने आठवडाभर गाव झोडपलं होतं. बुद्धभूषणचा हात गळ्यात आला होता, हिंदुरावांचा पाय प्लास्टरमध्ये. त्यामुळे निवडणूक बिनविरोध, हे ठरल्यातच जमा. बाहेर जीपमध्ये त्याची आई अक्काबाई मांडीवर नारळ घेऊन बसली होती. फॉर्म द्यायला जाताना आईला सोबत न्यायचं, ही त्या घरची रीत.

एक वाजता बारामतीहून रविंद्र आला, प्रिंटर दुरुस्त करणारा. मानसिंगने कॉलर धरूनच त्याला खुर्चीत बसवलं आणि कोयता मानेवर टेकवला.

"ह्यो असा आसंल तर माझी बोटं चालायची न्हाईत," रविंद्र म्हणाला.

"तुटल्यावर तर मुळीच चालायची न्हाईत. छाप."

रविंद्रने केबल काढून पुन्हा लावली. प्रिंटर बंद करून चालू केला. मग स्क्रीनवर छपाईला थांबलेल्या कागदांची रांग उघडली.

"प्रिंटर एक, कॉम्प्युटर दोन, आन दोघांची सिस्टिम निराळी. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरनं काल कुणीतरी एक फॉर्म पाठवलाय. त्याला माप लावलंय अमेरिकेतल्या कागदाचं. प्रिंटर म्हणतुया, तसला कागद घाला, तवर मागच्या कुणाला सोडत न्हाय."

"कसला फॉर्म?"

"सरपंचपदाचाच."

मानसिंगने शाहिदचं मानगूट धरून कपाळ काउंटरवर आपटलं. "कुणाचा?"

"आतलं काम शबीनाआपा बघती. ती आज सकाळीच सासरी गेली, भवानीनगरला." शाहिदने डोळ्यात उतरलेलं रक्त पुसलं. "मला काय म्हाईत?"

"हितं नाव दिसत न्हाय," रविंद्र घाईने म्हणाला. "मी त्यो काढूनच टाकतो. एक बटण दाबायचं, तुमचा लगेच निघंल."

"काढायचा न्हाय. आदी त्योच छाप. मला नाव बघायचंय." मानसिंगने दारातल्या गर्दीवरून कोयता फिरवला. दोघं मागच्या मागे गटारीत पडले. "आईची आण, ज्याचं नाव निघंल त्याचा हात आजच्या आज मनगटातनं उतरवतो."



रविंद्रने कागदाचं माप बदललं. प्रिंटर घरघरला, खोकला आणि एक कागद बाहेर आला. मानसिंगने तो हिसकावला. वाचला. पुन्हा वाचला. कोयता हळूहळू खाली आला.

"निघाला का रं माझा?" अक्काबाईने जीपमधूनच हात पुढं केला. "आण हिकडं. माझी सही राह्यलीया त्याच्यावर."