आतली कडी

दाराला आतून कडीच नव्हती.

बाहेरून होती. चांगली जाड, कुलूप घालता येईल अशी. आत मात्र कडी असायची त्या जागी चार भोकं लांबी भरून बुजवलेली आणि वर हिरवा रंग फासलेला. मुरबाडमधली ही खोली भाड्याने घेताना सारिकाने नळ सोडून पाहिला, पंखा लावून पाहिला, मोबाइलला रेंज येते का तेही पाहिलं. दार आतून लागतं की नाही हेही बघायचं असतं, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आज चौथा दिवस. तीन रात्री ती भरलेला सिलिंडर दाराला लावून झोपली होती. सकाळी घरमालकीण गोजरमावशीने लादीवरचे ओरखडे पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"नवी लादी हाय गो. सिलिंडर काय घरभर फिरवतेस?"

"मग कडी लावून द्या ना, मावशी!"

"लावू की. घाई काय हाय? मी शेजारीच हाय ना."

हे 'लावू की' सारिका पहिल्या दिवसापासून ऐकत होती. त्यात काल ती कृषी कार्यालयातून परतली, तर कळशी, बादली, दोन्ही पातेली, अगदी चहाचं भांडंसुद्धा पाण्याने काठोकाठ भरलेलं. दुपारी नळाला पाणी आलं होतं. कुलूप होतं तसंच होतं. दुसरी चावी मावशीकडे आहे, हे तिला तेव्हा कळलं. आभार मानावेत की भांडावं, हेच न सुचून ती चहा न करता तशीच बसून राहिली.

म्हणून आज शनिवारची सुट्टी बघून तिने बाजारातून कडी आणली आणि सुतारकाम करणाऱ्या जीवनला बोलावून घेतलं. जीवनने ड्रिल दाराला टेकवलं, तोच मावशी पिठाने माखलेल्या हातांनी धावत आली.

"ए जीवन, थांब रे! दाराला भोक पाडायचा नाय."

"नवं भोक नकोच, मावशी," सारिका म्हणाली. "जुनी आहेत तिथेच बसेल."

"तिथं तर नायच नाय."

"तुमी दोघी ठरवा काय ते," जीवन म्हणाला. "मला बाराच्या आत सरळगावला दुसरं काम हाय."

सारिकाचा बांध फुटला. "मावशी, मी एकटी राहते. रात्री कुणी नुसतं ढकललं तरी दार उघडेल. वाऱ्याने पत्रा वाजला की मी उठून बसते. ऑफिसात डोळे मिटतात माझे."

"कोन येतंय आत? आमच्या आळीत चोरी नाय झाली कधी."

"व्हायची वाट बघू? ते काही नाही, मावशी. कडी लागणार नसेल, तर मी खोली सोडते."

"सोड," मावशी म्हणाली.

पण ती गेली नाही. उंबऱ्यावरच बसली, पिठाचे हात गुडघ्यांवर ठेवून.

"तुझ्या आधी सुनील होता हितं. कंपनीत कामाला. गुणी पोर. त्या दिवशी सकाळची पाळी होती, तरी उठला नाय, म्हनून मी हाक मारली. तर आतून नुसता आवाज. जमिनीवर हात आपटत होता. बोलता येत नव्हतं त्याला. काय झालेलं ते डॉक्टरनी सांगितलं मागनं, माझ्या ध्यानात नाय राह्यलं. आनि कडी आतून. लोखंडाची, चांगली मजबूत. मीच आनलेली." तिने बुजवलेल्या भोकांकडे बघितलं. "शेजारनं पहार आनली, दार तोडलं. पन त्याच्या आधीच हात आपटायचा थांबला. मी हितंच उभी होते गो. दाराला कान लावून."

जीवन ड्रिलची वायर गुंडाळू लागला.

सारिकाचा राग गेला नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं. सुनीलचा तो हात तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता; पण पुन्हा सिलिंडर ओढायचीही तिची तयारी नव्हती. हे आधी सांगितलं असतं, तर तिने ही खोली घेतलीच नसती. म्हणूनच सांगितलं नसणार.

"कडी लागणार, मावशी," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तितका मऊ निघाला नाही. "हवी तर लहान लावू. पण लागणार."

जीवनने दोघींकडे बघितलं आणि पिशवीतून स्क्रूची पुडी काढली.

"बारीक स्क्रूवर बसवतो. मावशींनी जोरात लाथ घातली, की उखडून येईल."

"आणि चोराने घातली तर?" सारिकाने विचारलं.

जीवन पुडीतले स्क्रू निवडू लागला. मावशीच उठली, पदराला हात पुसत.

"चोराला सांगायचं, शेजारी गोजर राहते."

सारिकाने कपाळावर हात मारला. पण कडी लागली.

त्या रात्री ती या घरात पहिल्यांदा गाढ झोपली. रविवारी पहाटे साडेपाचला दारावर थाप पडली.

"सारिका! ए सारिका! उठलीस का गो?"

तिने उशी कानावर ओढली. थाप पुन्हा पडली, या वेळी घाईघाईने, तळहाताने.

"सारिका! बोल ना गो!"

"नाही उठले!" सारिका पांघरुणातूनच ओरडली.

बाहेर कुणीतरी मोठा श्वास सोडला.

"बरं, बरं," मावशी म्हणाली. "नीज मग."