शेजारच्या तारा

"तारा कुठंही चिकटलेल्या नाहीत, ताई," भिंतीतल्या उघड्या डबीत बॅटरीचा झोत टाकत टेलिफोनवाला म्हणाला. "नुसत्या शेजारी-शेजारी आहेत. एकीतून करंट वाहिला, की न शिवता दुसरीत उमटतो. जोडीतल्या दोन्ही तारांना एकमेकींचा पीळ द्यायचा असतो, म्हणजे त्रास होत नाही. इथं कुणी तरी सरळच ओढल्यात."

तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि हे आपल्या गावीही नसल्यासारखा चेहरा केला.

गेले काही महिने रिसीव्हर उचलला की शेजारच्या काकूंचं बोलणं बारीक आवाजात ऐकू यायचं. गुडघे, औषधं, फोन करायला सवड नसलेला मुलगा. बाळ झोपलं की ती श्वास रोखून ऐकायची. मग बहिणीला फोन लावून काकूंची हुबेहूब नक्कल करायची. दोघी पोट धरून हसायच्या. परवाच ती बहिणीला म्हणाली होती, "सोमवारपासून मी कामावर, आणि पिल्लू म्हातारीकडे. हात थरथरतात गं तिचे! पण पाळणाघरात जागा मिळेपर्यंत घ्यायचं चालवून."

"म्हणजे त्यांचं बोलणं आमच्याकडे येतं," ती सावरून म्हणाली.

"आणि तुमचं त्यांच्याकडे. एकतर्फी कसं असेल? तक्रार त्यांनीच तर केलीय."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काल काकूंनी हौसेनं बोलावून पलंगाभोवती अंथरलेल्या गाद्या दाखवल्या होत्या. म्हातारीला वेड लागलंय, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता काकू नाही म्हणाल्या, तर नोकरीवर पाणी. आणि त्यांनी नाही का म्हणू नये?

"झाली का गं दुरुस्ती?" काकू दारातच उभ्या होत्या.

"काकू, मी..." तिला वर बघायची हिंमत होईना. बाळानं मात्र ओळखीचा आवाज ऐकताच तिकडे झेप घेतली.

काकू आधी खुर्चीत नीट टेकून बसल्या. मग दोन्ही हात पुढे केले.

"बरं झालं बाई," बाळाला मांडीत घेत त्या म्हणाल्या. "कधीची मागे लागले होते यांच्या. दिवसभर एकटी असतेस, बहिणीपाशी तरी मन मोकळं करायला नको? म्हटलं, तिथं तरी मध्ये मी नको."