गोळी बदलली
हृदयाच्या नळीत जाळी बसवल्यापासून कुरुंद्याचे सोनाजी कोलेस्टेरॉलची गोळी घेत होते. दोन महिन्यांत त्यांच्या मांड्या इतक्या दुखू लागल्या, की खाली बसलं तर उठताना पत्नी जनकाबाईंचा आधार लागे. वय झालं, असं म्हणून त्यांनी हळदीचं रान बटईनं दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरवलं. मग एक दिवस सून राणीला त्यांच्या उशीच्या खोळीत लपवलेल्या गोळ्या सापडल्या. ती न रागावता सासऱ्यांना वसमतला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. "पंधरा दिवस झाले, गोळी घेत न्हाई. पाय हलके वाटून राहिले," सोनाजींनी खाली मान घालून कबूल केलं. "मग मला का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं. "तुमी रागवाल म्हणून." बाईंनी रक्त तपासून घेतलं. "तकलीफ गोळीचीच दिसते. पण तुमच्या हृदयाला औषध लागणारच. आपण दुसरी गोळी बघू, कमी ताकदीची." दुखणं पुरतं थांबल्यावर, काही आठवड्यांनी सुरू केलेली ती गोळी सोनाजींना मानवली. रान बटईला गेलं नाही. हळद निघाली तेव्हा ते सकाळपासून बायांच्या बरोबरीनं मातीत बसून कंद वेगळे करत होते. ऊन डोक्यावर आलं, तशा जनकाबाई भाकरी घेऊन आल्या. "उठा आता, जेवून घ्या." "बसू दे अजून थोडं," सोनाजी समाधानानं म्हणाले, "आता उठायचं भेव न्हाई राहिलं."