नाताळाआधीची कबुली

चर्चमधल्या कबुलीच्या जाळीपलीकडून आवाज आला, "सांगा," आणि गुडघे टेकलेला म्हातारा कारभारी जागीच गार पडला. आवाज त्याच्या लेकाचा होता.

म्हातारा कन्नडहून पहाटेची एसटी धरून औरंगाबादला आला होता, तो मुद्दाम छावणीतल्या चर्चच्या थोरल्या फादरांपुढं पाप कबूल करायला. परक्यापुढं जीभ सैल सुटते. पण नाताळाआधीच्या आगमनकाळात कबुलीच्या रांगा वाढतात आणि मदतीला दुसरे फादर बोलावतात, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आज बोलावलेले होते फादर लूकस, त्याचा एकुलता एक.

उठून जाता आलं असतं. पण लूकस फादर झाल्यावरच्या पहिल्या मिस्सेला, चर्चमधल्या पूजेला, त्यानं लेकाच्या हातचा प्रसाद मनात पाप ठेवून घेतला होता. नाताळात पुन्हा तसं करायची त्याची छाती नव्हती. आणि पाप सांगितलं, तर तो लेकाच्या मनातून कायमचा उतरणार होता. म्हातारपणी त्याला दुसरं होतं तरी कोण?

"फादर," तो म्हणाला. लेकाला तसं म्हणताना लाज वाटली नाही. उलट धीर आला.

"माझ्या पोरानं फादर व्हायला सेमिनरीत अर्ज केला व्हता. क्रूसाचा शिक्का असलेलं पत्र आलं. मला वाचता येत नाय, पर शिक्का कळतो. पोर जाईल म्हणून म्या ते चुलीत घातलं. त्यो वरीसभर वाट बघत राह्यला. मंग दुसरं पत्र आलं, ते पोस्टमननं त्याच्याच हाती दिलं."

पुढचं जास्त जड होतं.

"पहिल्या मिस्सेला लोकांनी मला हार घातला. म्हणले, ह्यानं देवाला लेक दिला. आन् म्या मान वर करून हार घेतला."

पोर हातचं गेलं, असं कारभारीला वाटलं. तरीही कितीतरी वर्षांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

"बा," लेक म्हणाला, "दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं, गेल्या साली आम्ही नाही म्हटलं, तरी तू पुन्हा विचारलंस, म्हणून ये. पहिलं पत्र माझ्या हाती पडलं असतं, तर मी पुन्हा विचारलंच नसतं."