कांचनचा वाटा

कॅन्टीनमध्ये शेजारी बसलेल्या मुलीच्या प्लेटमधला बटाटेवडा वृषालीने मोडला, तुकडा तोंडात टाकला आणि मगच तिच्या लक्षात आलं, की ही मुलगी आपली कुणीच नाही. टेबलावरच्या गप्पा थांबल्या.

"सॉरी, चुकून..." ती पुटपुटली.

"अगं, घे ना," म्हणत त्या मुलीने अख्खी प्लेटच तिच्याकडे सरकवली. स्वतः मात्र त्या वड्याला पुन्हा हात लावला नाही.

डिप्लोमा संपवून वृषाली पुण्याच्या या इंजिनिअरिंग कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षाला आली होती. इथले गट पहिल्याच वर्षी जमलेले. मंगरूळच्या पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉपमागच्या निंबाखाली डबे उघडले, की कुणाचा डबा कुठला हे कुणी बघायचंच नाही. तिथली मैत्रीण कांचन तर वृषालीच्या आईचा ठेचा भाकरीआधीच चाटूनपुसून संपवायची. "माह्यासाठी बी ठेव ना वं!" म्हणून वृषाली रोज तिच्याशी भांडायची.

परवाच गावाहून आणलेल्या त्याच ठेच्याचा डबा तिने आता टेबलाच्या मधोमध ठेवला. "घ्या ना. आईने केलाय."

"बापरे, नको! ॲसिडिटी होईल," ती मुलगी हसून म्हणाली. बाकीच्याही हसल्या आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या, गेल्या वर्षीच्या कुठल्याशा सहलीच्या.

वृषालीने डबा हळूच मागे ओढला. कांचनवर ओरडावंसं वाटलं तिला, अगदी पूर्वीसारखं, मोठ्यांदा. पण डबा भरलेलाच होता.