गावाला गेलेली ताई

कथेत हलणारा दात. गार झालेला चहा. भिंतीपलीकडे प्रिंटरचा खडखडाट. लेखिकेची भूतकथा संपादकांच्या टेबलावर पडली होती. गोष्टीतल्या धाकट्याचा पहिला दात पडतो, तेव्हा मेलेली ताई येऊन त्याचा हात धरते. पण संपादकांनी कच्च्या प्रतीत सगळीकडे ‘मेली’ खोडून ‘गावाला गेली’ केलं होतं. “अहो, दहा वर्षांची पोरं वाचणार! आशा हवी, मरण कशाला?” “मग भूत काय सुट्टी काढून आलंय?” लेखिकेचा पारा चढला. “पालक ओरडतात हो, बाई.” “ओरडू देत! मेलेली ताई तरीही सोबत करते, ही आशा. गावाला गेलेली परतत नाही, ही फसवणूक. ‘मेली’ छापा, नाहीतर पुस्तक परत द्या.” संपादकांनी नकारार्थी मान हलवली. तिनं प्रत काखोटीला मारली. लहानपणी तिचा भाऊ वारला तेव्हा घरच्यांनी तो गावाला गेल्याचं सांगितलेलं. ती रोज बसथांब्यावर उभी राहायची.